खंडेनवमीची प्रत

सर्व्हर गेल्याचं कळलं तेव्हा सुकुमार मगदूम कपाटासमोर उभा राहून मेहुणीला त्रिशलाच्या साड्या काढून देत होता. त्याची बायको त्रिशला जाऊन चार महिने झाले होते. साड्या कपाटात पडून राहून कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, हे त्याला पटलं होतं. मेहुणी एकेक साडी हातात घ्यायची, पिशवीत ठेवायची, आणि मध्येच एखादी परत कपाटात सरकवायची. तेवढ्यात श्रवण केंद्राच्या डॉक्टर वासंती लाटकरांचा फोन आला.

“सुकुमारराव, मशीन बंद पडलंय. दिवासुद्धा लागेना.”

“क्लाउडमधली प्रत चालू करतो. थोडा वेळ द्या.”

“दारात लोक उभे आहेत. कानाच्या सेटला आठवड्याची मांडणी मिळेना म्हणतायत.”

“मिळेल,” सुकुमार म्हणाला.

ते तो सवयीनं म्हणाला. अशा फोनला उत्तर देणं हेच त्याचं काम होतं. पुण्यातल्या एका कंपनीसाठी तो इचलकरंजीत घरात बसून जुने सर्व्हर सांभाळायचा. ज्यांच्या लिनक्स प्रणालीला तिच्या बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलं, ज्यांच्यावर नवं काही चढत नाही, पण ज्यांच्यावाचून एखाद्या कारखान्याचं किंवा दवाखान्याचं पान हलत नाही, असे हे सर्व्हर. त्यांची प्रत क्लाउडमध्ये ठेवायची, मूळ यंत्राला काही झालं तर प्रत पुढे करायची, आणि यंत्र दुरुस्त झालं की काम परत त्याच्याकडे द्यायचं. पंचवीसेक वर्षांत त्याचा एकही सर्व्हर कायमचा गेला नव्हता.

त्या दिवशी प्रत चालू झाली, पण केंद्रातल्या लोकांच्या मांडण्या जिथे ठेवलेल्या असतात ते दालन उघडेना. त्यानं आदल्या दिवशीची प्रत लावली, मग आदल्या आठवड्याची. तेच. दुपारपर्यंत त्याला सगळं उमगलं. मूळ यंत्राची डिस्क कित्येक महिने आतून किडत होती. ते जुनं लिनक्स खराब झालेला मजकूर वाचायचं, त्याला काही संशय यायचा नाही, आणि प्रत तो मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्यायची. दोन्हीकडे एकच कीड झाली होती.

नागपूरहून त्याचा सहकारी उमरेडकर जोडला गेला. तो वयानं लहान आणि बोलायला मोकळा होता.

“सर, म्हणजे झेरॉक्सवाल्यानं चहाचा डागबी झेरॉक्स केला.”

“तसंच झालं.”

“मग आता?”

“सांधक लावू,” सुकुमार म्हणाला.

*

इथे केंद्राबद्दल सांगायला हवं.

इचलकरंजीत यंत्रमाग चोवीस तास चालतात. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान पन्नाशीच्या आत जातात. सूतवाल्या व्यापाऱ्यांनी आणि माग मालकांनी मिळून त्यांच्यासाठी एक केंद्र काढलं, आणि जागा दिली ती एका माग शेडच्या वरच्या मजल्यावर. खाली माग सुरू असले की वरच्या टेबलावरचं पाणी हलतं. शस्त्रक्रिया स्वस्त झाल्यावर केंद्रानं कितीतरी लोकांना कानाच्या आतल्या भागात बसणारी तार बसवून दिली. त्या तारेवर बारीक बारीक टोकं असतात. प्रत्येक टोक एका पट्टीचा आवाज मेंदूकडे नेतं. पण प्रत्येक टोकाला किती वीज दिली की ऐकू यायला लागतं आणि किती दिली की सहन होत नाही, हे माणसागणिक वेगळं असतं. हे आकडे एकेका टोकासाठी, त्या माणसाला समोर बसवून, विचारून विचारून काढावे लागतात. त्या आकड्यांना केंद्रात मांडणी म्हणत. एकाची मांडणी दुसऱ्याच्या कानात घातली तर एक तर ऐकू येत नाही, नाहीतर डोक्यात कळ जाते.

तार बनवणारी परदेशी कंपनी बुडाली. मागे राहिला तिचा प्रोग्राम, तो फक्त त्या जुन्या लिनक्सवर चालायचा. कानामागचा सेट दर आठवड्याला सर्व्हरकडे आपली मांडणी मागायचा. सर्व्हरवर जे असेल ते सेटमध्ये जायचं. महिनाभर काही मिळालं नाही तर सेट आपोआप मुका व्हायचा. कंपनीनं सुरक्षिततेसाठी केलेली ती सोय होती. सेटमधली मांडणी बाहेर काढता येत नव्हती, तिच्या कुलपाची किल्ली कंपनीबरोबरच गेली होती.

म्हणजे महिन्याच्या आत सर्व्हर उभा राहिला नाही, तर केंद्राची सगळी माणसं पुन्हा बहिरी होणार होती.

या सगळ्या मांडण्या त्रिशलानं बसवल्या होत्या. केंद्र सुरू झालं तेव्हापासून ती तिथली श्रवणतज्ज्ञ होती. ती गेल्यावर तिच्या जागी कुणी आलं नव्हतं.

*

सांधक हे गेल्या दोन-तीन वर्षांत आलेलं साधन. डिस्कवरचा मजकूर लहान लहान तुकड्यांत ठेवलेला असतो. तुकडे गहाळ झाले की पूर्वी ते गेले, एवढंच म्हणता यायचं. सांधक तसं म्हणत नाही. तो राहिलेले तुकडे वाचतो, तशाच प्रकारचे लाखो तुकडे वाचतो, आणि गेलेल्या जागी काय असणार ते ठरवून लिहितो. पुसलेल्या प्रतींचे क्लाउडमध्ये कुठेतरी पडून राहिलेले तुकडेही तो हुडकतो. बँकेचे, कोर्टाचे, नगरपालिकांचे बुडालेले सर्व्हर त्यानं उभे केले होते. तो बहुतेक वेळा बरोबर असतो. अडचण एवढीच, की त्यानं सापडलेलं काय लिहिलं आणि अंदाजानं काय लिहिलं, हे दाखवायला जुन्या प्रोग्रामांत जागा नसते. एकदा लिहिलं की सगळं सारखंच दिसतं.

सांधक आठवडाभर चालला. त्यानं काम संपवलं तेव्हा जुनं लिनक्स क्लाउडमध्ये उठून बसलं, दालन उघडलं, आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे मांडणी होती.

“घ्या सर, झालं,” उमरेडकर म्हणाला. “पूर्ण झाल्याची सही करा, मी वर पाठवतो.”

“एका माणसावर लावून बघतो आधी.”

“आता काहून थांबता? सांधक म्हणते ना, सगळं जुळलं.”

“सांधकला कान नाहीत,” सुकुमार म्हणाला.

*

आण्णाप्पा तारदाळे हा केंद्राचा सगळ्यात जुना माणूस. चाळीस वर्षं मागावर काढलेली, अंगानं काडीसारखा, आणि बोलायला कुणाला न भिणारा. त्याची बायको गौराक्का त्याच्या बरोबर आली होती. डॉक्टर लाटकर टेबलापलीकडे बसल्या. सुकुमारनं सेटला नवी मांडणी दिली. खाली माग चालू होते.

आण्णाप्पानं मान तिरकी केली. मग बायकोकडे बघून म्हणाला, “बोल काय तरी.”

“काय बोलू?”

“नेहमी बोलतीस तसं बोल की. शिव्या दे.”

“आता चार माणसांत बरं दिसतंय व्हय ते,” गौराक्का म्हणाली.

आण्णाप्पा हसला. थोड्या वेळानं तो सुकुमारकडे वळला. “सायेब, हे कुटनं आनलासा?”

“का? बरं नाही वाटत?”

“बरं न्हाई कसं? खाली माग हायत ते खालीच ऱ्हायलेत, आन् हिचा आवाज हितं हाय. हे दसऱ्याचं ऐकू येनं हाय.”

“दसऱ्याचं म्हणजे?”

“बाई करून द्यायच्या ते. खंडेनवमीला गाव बंद आसतंय न्हवं? माग धुऊन पुजत्यात, सगळं गप. त्या दिवशी बाई आमास्नी बोलवायच्या. एकेक टोक मोजायच्या. पाच-सा दीस आसं झ्याक ऐकू यायचं. मग परत हाय तसं. मी बाईस्नी म्हनायचो, दसऱ्याला सोनं देतासा आन् पुनवेला त्याचं पितळ हुतंय.”

“मग त्या काय म्हणायच्या?”

“हसायच्या. मग मागल्या दोन दसऱ्याला त्यांनी बोलवलंच न्हाई.”

डॉक्टर लाटकरांनी सुकुमारकडे बघितलं. सुकुमार स्क्रीनकडे बघत होता. त्यानं आण्णाप्पाला थोडं बाहेर बसायला सांगितलं, आणि सांधकला विचारलं की आण्णाप्पा तारदाळेची मांडणी कुठून घेतली.

उत्तर लगेच आलं. ती अंदाजानं लिहिलेली नव्हती. तुकडे सापडलेले होते. ते मूळ यंत्राचे नव्हते, क्लाउडमधल्या एका पुसलेल्या प्रतीचे होते. ती प्रत दोन दिवस स्वतंत्र चालली होती, त्या दोन दिवसांत नवं लिहिलेलं तेवढंच तिनं वेगळं ठेवलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ती पुसली गेली होती. अशा प्रती दर वर्षी एक, अशा बऱ्याच होत्या.

सुकुमारला तारखा बघायची गरज नव्हती. त्या प्रती त्यानंच चालू केल्या होत्या, आणि त्यानंच पुसल्या होत्या.

*

केंद्र माग मालकांचं. खंडेनवमीला माग थांबतात तसा तिथला सर्व्हरही थांबवायचा, त्याला झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, आणि दसरा झाल्यावर चालू करायचा, हे पहिल्या वर्षापासून ठरून गेलं होतं. सुकुमारच्या कंपनीला ते सोयीचं वाटलं. वर्षातून एकदा प्रत पुढे करून बघण्याची तालीम करावीच लागते. मूळ यंत्र आयतंच बंद असतं, तर ती तेव्हाच करावी. करारात लिहिलं गेलं की त्या दोन दिवसांत केंद्र बंद असतं, काही नवं लिहिलं जात नाही. त्यामुळे तिसऱ्या दिवशी मूळ यंत्र चालू झालं की तेच खरं धरायचं, आणि दोन दिवसांची प्रत पुसून टाकायची.

सुकुमारनं ते दर वर्षी केलं. खंडेनवमीचं जेवण झालं की तो आतल्या खोलीत बसून तालमीवर लक्ष ठेवायचा. त्रिशला पर्स घेऊन बाहेर पडायची. केंद्रात जाऊन येते म्हणायची. त्याला वाटायचं, पूजेला, प्रसादाला. सणाच्या दिवशी ती काम काढून बसली असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. तिला वाटायचं, हा घरात बसून कंपनीचं काहीतरी करतोय. मूळ यंत्र बंद असलं तरी केंद्रातला तिचा संगणक आपोआप प्रतीला जोडला जायचा; एका घरातली दोन माणसं त्या दिवशी एकाच सर्व्हरवर काम करत होती, आणि त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

एवढंच एकदा झालं होतं. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायला बसले होते. त्रिशला म्हणाली, “अहो, मला एक कळेना झालंय. मागांचा आवाज बंद असतो तेव्हा मी यांचा कान नीट उघडते. माग सुरू झाले की आठ दिवसांत तो परत मिटतो. सगळ्यांचं तेच.”

“असेल,” तो म्हणाला होता. “सवय असेल मेंदूला.”

“तसंच असणार. मोजणीत चूक म्हणावी तर दर वर्षी कशी होईल?”

मग तिनं ते तसंच धरलं. मागांच्या आवाजात राहणाऱ्याचा कान उघडला तरी टिकत नाही, असं ती डॉक्टर लाटकरांनाही सांगायला लागली. मिरजेच्या एका सभेत तिनं त्यावर बोलूनही दाखवलं. शेवटी टिकणार नसेल तर सणाच्या दिवशी लोकांना कशाला बोलवायचं, म्हणून तिनं ते बंद केलं.

कान मिटत नव्हता. दसऱ्यानंतर सेट पुढच्या आठवड्याची मांडणी मागायचा, आणि मूळ यंत्र त्याला जुनी द्यायचं. त्या जुन्या प्रोग्राममध्ये एका माणसाची एकच मांडणी राहायची, तारीखवार काही नाही. त्रिशलाला बदल दिसायला जागाच नव्हती.

आणि मूळ यंत्र किडलं तेव्हा त्याच्या प्रती त्याच जागी पुन्हा पुन्हा लिहिल्या जाऊन किडल्या. दसऱ्याचे तुकडे मात्र नाव पुसून बाजूला पडले होते. त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, म्हणून ते चांगले राहिले होते.

सुकुमारनं हे डॉक्टर लाटकरांना सांगितलं. आधी काय झालं, मग काय झालं, असं सरळ सांगितलं. 

“म्हणजे तिची मोजणी बरोबर होती,” त्या म्हणाल्या.

“होय.”

“आणि ती चार-पाच वर्षं स्वतःलाच समजावत होती.”

“होय,” सुकुमार म्हणाला. “मी पण तिला तेच समजावलं.”

खाली पाळी बदलायची वेळ झाली होती. माग क्षणभर मंदावले आणि पुन्हा सुरू झाले. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरत राहिलं.

*

त्यानं सांधकला सांगितलं, ज्यांची मांडणी सापडलेल्या तुकड्यांतून आली ते एका बाजूला काढ, अंदाजानं आली ते दुसऱ्या बाजूला. निम्म्याहून जास्त लोक पहिल्या बाजूला आले. ते सगळे दसऱ्याला बोलावलेले. दुसऱ्या बाजूला होते ते गेल्या दोन-तीन वर्षांत तार बसवलेले, किंवा सणाला गावाकडे जाणारे. त्यांची त्रिशलानं शांततेत मोजणी केलीच नव्हती, आणि मागांच्या आवाजात केलेली मूळ यंत्राबरोबर गेली होती. त्यांच्या मांडण्या सांधकनं इतरांच्या बघून लिहिल्या होत्या.

त्यांतली एक रहिमतबी मोमीन. मागाच्या कांड्यांवर सूत भरण्याचं काम करणारी, चाळिशीची बाई. तार बसवून तिला दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरांनी तिला बोलावलं. सुकुमारनं मांडणी लावली.

“ऐकू येतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“येतंय की. चांगलं येतंय.”

“काही त्रास?”

“काय न्हाई.”

त्याच वेळी बाहेर चहावाल्याच्या हातून ट्रे पडला. रहिमतबीची मान एकदम खाली गेली. हात कानाकडे निघाला आणि तिनं तो मध्येच आवरून ओढणीत घेतला. वर बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

“चालतंय बाई,” ती म्हणाली. “बंद तेवढं करू नगासा.”

“कळ आली का डोक्यात?”

“एवडी काय न्हाई. आदीबी यायची.”

“आधी यायची?” सुकुमारनं विचारलं.

रहिमतबीनं डॉक्टरांकडे बघितलं, मग खाली. “न्हाई,” ती म्हणाली. “आदी येत नव्हती. पर मला पोरीचं बोलनं ऐकू येतंय सायेब. तेवडं ठेवा.”

सुकुमारनं तिचा सेट अगदी मंद केला. तिचा चेहरा पडला. 

*

“सही करून टाका,” डॉक्टर लाटकर म्हणाल्या. दोघं केंद्राच्या जिन्यात उभे होते. “मी सांगते का ते. तुम्ही म्हणता, अंदाज चुकला तर कळ जाईल. काहींना जाईल. पण मंद ठेवलं तर सगळ्यांचंच ऐकणं जातं. रहिमतबीनं स्वतः सांगितलं, चालतंय.”

“ती म्हणणारच. तिला वाटतं एक तर हे, नाहीतर काहीच नाही.”

“मग दुसरं काय आहे आपल्याकडे? मोजणार कोण? त्रिशला आहे का?”

त्या बोलून गेल्या आणि थांबल्या. सुकुमारनं कठड्यावर हात ठेवला होता. कठडाही थरथरत होता.

“नाही,” तो म्हणाला. “पण सही केली की कागदावर सगळ्यांची मोजणी झालेली दिसेल. पुढे जो येईल तो त्यालाच खरं धरेल. पुन्हा कुणी मोजणार नाही. आणि त्या मांडण्या त्रिशलाच्या नावावर राहतील.”

“नावाचं मनाला लावून घेताय तुम्ही.”

“तेही असेल. पण कळ तिला नाही जायची, रहिमतबीला जाईल.”

डॉक्टर जिन्याची एक पायरी उतरल्या आणि परत वळल्या. “मिरजेला माझी एक विद्यार्थिनी आहे, तेरवाड म्हणून. बोलावली तर येईल. पण ती या आवाजात मोजणी करायची नाही. करून उपयोगही नाही, ते तुम्हीच आत्ता सांगितलंत.”

“आवाज थांबवू.”

“दसरा सहा महिन्यांवर आहे, सुकुमारराव.”

त्यानं पहिल्या बाजूच्या लोकांची मांडणी सेटला सोडली. दुसऱ्या बाजूच्या लोकांचे सेट मुके होऊ नयेत एवढ्यापुरता मंद आवाज ठेवला. कंपनीच्या कागदावर त्यानं ‘अपूर्ण’ लिहिलं. उमरेडकरचा फोन आला.

“सर, सांधक लावल्यावर अपूर्ण कोणी लिहीत नाही. वरचे विचारून राह्यले.”

“त्यांना सांग, ज्यांचं मोजलं नाही त्यांचं मोजलं असं मला लिहिता येत नाही.”

“माहे तर कान चांगले आहेत सर, मले कळणार नाही ते,” उमरेडकर म्हणाला. मग त्यानं विचारलं, “ताईंचं काम होतं ना ते?”

“होय.”

“बरं. मी पाहतो वरच्यांचं.”

*

माग थांबवायचं आण्णाप्पानं मनावर घेतलं. केंद्राच्या खालची शेड आणि समोरच्या दोन शेडी त्याच्या जुन्या मालकाच्या होत्या. तो तीन वेळा गेला. तिसऱ्या वेळी येऊन तो सुकुमारच्या घरी ओसरीवर बसला, आणि पाणी प्यायल्यावर बोलला.

“मला म्हनतोय, आण्णा, आज काय दसरा हाय व्हय माग बंद करायला? म्हटलं, तुमचा नसंल मालक, आमचा हाय. म्हनला, तुला तर ऐकू येतंय की, तुझं काय अडलंय? म्हटलं, मला येतंय म्हनूनच आलोय. न्हाई तर तुमचं बोलनं ऐकून कोनी घेतलं आसतं.”

“मग?”

“मग हसला. अर्धा दीस देतो म्हनला. सकाळची पाळी सुटल्यावर, दुसरी त्या दिशी उशिरा लावनार. ते बी एकदाच.”

“समोरच्या शेडी?”

“त्या बी. पर पलीकडचा त्यो शेठ न्हाई म्हनतोय. त्याचं लांब हाय, लई ऐकू यायचं न्हाई.”

गौराक्का त्याच्या मागे उभी होती. “एवढं बोलायला लागलंय बगा हे,” ती सुकुमारला म्हणाली. “पयलं बरं हुतं. आता मी काय पुटपुटले ते बी ऐकतंय.”

“मग पुटपुटू नगंस,” आण्णाप्पा म्हणाला.

*

त्या दुपारी शेड बंद झाली. सुकुमारला वाटलं होतं, माग थांबतात तसे एकदम थांबतील. तसं झालं नाही. एक थांबला, मग दुसरा, मग पलीकडच्या ओळीतले. शेवटचा माग कितीतरी वेळ एकटाच चालत राहिला. तो थांबला तेव्हा केंद्राचा मजला हलायचा बंद झाला. टेबलावरचं पाणी स्थिर झालं. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली ती स्वच्छ ऐकू आली.

तेरवाड बाई मिरजेहून आल्या होत्या. त्या त्रिशलाच्या खुर्चीत बसल्या. सुकुमार बाहेरच्या बाकावर बसला; आत त्याचं काम नव्हतं. सर्व्हर आता क्लाउडमध्येच होता, आणि त्या दिवसापुरती कुठलीही प्रत पुसली जाणार नाही, असं त्यानं स्वतः बघून ठेवलं होतं.

पहिली रहिमतबी गेली. दार अर्धं उघडं होतं. तेरवाड बाईंचा आवाज येत होता. ऐकू आलं की हात वर करा. आता? आता? नको वाटलं की सांगा, लाजू नका. मध्ये लांब शांतता. मग परत, आता?

सुकुमारला त्रिशला खंडेनवमीच्या दुपारी या खोलीत काय करत असेल हे पहिल्यांदा दिसलं. ती असेच शब्द बोलत असेल. घरी येऊन चप्पल काढताना ती थकलेली असायची. सणाचं दमलीस का, असं तो विचारायचा, आणि ती हो म्हणायची. त्यानं एकदाही पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगायला दोन मिनिटं लागली असती, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं प्रत पुसली नसती. आता विचारायला कुणी नव्हतं. तो बाकावर बसून राहिला आणि आतल्या मोजणीचा आवाज ऐकत राहिला.

रहिमतबी बाहेर आली तेव्हा ट्रे पडला नाही की काही झालं नाही. ती त्याच्यासमोर थांबली. “सायेब, तुमी जरा बोला.”

“काय बोलू?”

“काय बी.”

“तुमच्या मुलीचं नाव काय?” त्यानं विचारलं.

“यास्मिन,” ती म्हणाली. “आवाज बारीक हाय तिचा. आता घरी जाऊन बगते.”

ती जिन्यानं उतरून गेली. आणखी काही जण आत जाऊन आले. मग पाळीची घंटा झाली, आणि खाली पहिला माग सुरू झाला. तेरवाड बाईंनी हातातलं काम तिथेच थांबवलं.

मालक दुसऱ्यांदा अर्धा दिवस द्यायला अजून तयार झालेला नाही. दसऱ्याची प्रत पुसण्याचा नियम बदलावा म्हणून सुकुमारनं कंपनीला कळवलं आहे, त्याचं उत्तर आलेलं नाही. त्या दुपारी ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचे सेट अजून मंद आहेत. त्यांची मोजणी राहिली आहे.